नाताळातलं सुईकाम घरच्या घरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबरात हाती घेतलेलं सुईकाम अडतं ते बहुतेक वेळा हिशेबापाशी. कापड किती, धाग्याचे पदर किती, फुल्या किती आणि हाताशी संध्याकाळी किती, एवढं आधी कागदावर मांडलं की उरतं ते निवांत काम. खालची उत्तरं फुलीटाका, फेल्ट, क्रोशा आणि सुयांवरचं विणकाम करणाऱ्यांसाठी आहेत.

डिसेंबर उजाडला आहे. २५ तारखेपर्यंत काय पुरं होईल?

फुलीटाक्यात बसलेला हात तासाला साधारण १०० फुल्या घालतो, नवखा ६०-७०. दोरा ओवणं, नमुना मोजणं, मधूनच एखादी ओळ उसवणं हे सगळं त्यात आलं. आता नमुन्याकडे बघा. ४० चौकटी व्यासाचा पूर्ण भरलेला गोल म्हणजे साडेबाराशेच्या घरात फुल्या, म्हणजे तेरा ते वीस तास. रोज एक तास मिळत असेल तर असं एकच लटकन दोन-तीन आठवडे खातं. त्याऐवजी २५ बाय २५ चौकटींचा, मागची जागा मोकळी सोडलेला नमुना घेतला तर ३०० च्या आसपास फुल्या होतात. तीन ते पाच तासांचं भरतकाम आणि दीड तासाची शिलाई, झालं.

मागची सगळी जागा भरायला लावणारे नमुने डिसेंबरात घेऊच नयेत. गडद लाल किंवा हिरवं कापड घेऊन त्यावर पांढऱ्या धाग्याने हिमकण भरले की रंग कापडच पुरवतं. मात्र गडद कापडावर पांढरा धागा दोन पदरी घेतला तर खालचा रंग डोकावतो. तिथे तीन पदर घ्या.

बाकीच्यांचा अंदाज असा: फेल्टचं साधं लटकन एक ते दोन तास, क्रोशाचा हिमकण अर्धा-पाऊण तास आणि वाळायला एक दिवस, भेटी भरून टांगायचा लोकरीचा मोठा मोजा पंधरा ते पंचवीस तास. अ‍ॅडव्हेंटच्या, म्हणजे नाताळाची वाट पाहण्याच्या, २४ दिवसांसाठी २४ भरलेल्या पिशव्यांचं तोरण करायचं असेल तर ते १ डिसेंबरला टांगायचं असतं हे विसरू नका. त्याची सुरुवात सप्टेंबरात.

कापड किती कापावं?

नमुन्याच्या चौकटींना कापडाच्या काउंटने भागा, उत्तर इंचांत येतं. १४ काउंटच्या आयडावर (फुलीटाक्यासाठी चौकटींच्या विणीत केलेलं कापड) इंचाला १४ चौकटी बसतात, म्हणून ५६ बाय ४२ चौकटींचा नमुना ४ बाय ३ इंचांचा होतो. त्यात फ्रेम करून टांगायचं असेल तर चारही बाजूंना ३ इंच, लटकन करायचं असेल तर दीड ते दोन इंच जास्त धरा. एकसूती लिननवर दोन धाग्यांवर एक फुली घालतात, म्हणून २८ काउंटचं लिनन १४ च्या आयडाएवढंच माप देतं.

कापल्याबरोबर कडा झिगझॅग मारून किंवा हाताने गुंफून घ्या. कडेला चिकटपट्टी लावायची सवय वाईट: दोन महिन्यांनी पट्टी निघते, गोंद राहतो आणि त्यावर धूळ बसते.

सुई कोणती, पदर किती?

आयडासाठी बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची टेपेस्ट्री सुई. ११ काउंटला २२ नंबर आणि तीन पदर, १४ ला २४ नंबर आणि दोन पदर, १६-१८ ला २६ नंबर आणि एक-दोन पदर. नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. साध्या विणीच्या कापडावर किंवा फेल्टवर मात्र टोकदार भरतकामाची सुई लागते.

लडीतला धागा सहा पदरी असतो. ४५ सें.मी. तोडा, एकेक पदर वेगळा ओढून काढा आणि मग हवे तेवढे पदर पुन्हा एकत्र करा. सहातले दोन पदर एकदम ओढले तर पीळ तसाच राहतो, धागा कापडावर पसरत नाही आणि फुल्या बारीक दिसतात. ८ मीटरच्या लडीतून १४ काउंटवर दोन पदरांनी दीड हजाराहून जास्त फुल्या निघतात, त्यामुळे छोट्या लटकनांना प्रत्येक रंगाची एक लडी पुरून उरते.

नाताळाचा लाल आणि हिरवा नेमका कोणता?

डीएमसी या धाग्यांच्या कंपनीच्या रंगपत्रात ३२१ हा नाताळचा लाल आणि ६९९ हा नाताळचा हिरवा मानला जातो. ६९९ ते ७०४ ही हिरव्याची गडद ते फिकट अशी उतरंड आहे. झाडाला खोली हवी असेल तर तिच्यातले एकाआड एक तीन रंग पुरतात. सलग तीन घेतले तर दोन हातांवरूनच एकसारखे दिसायला लागतात. लालाच्या सावलीसाठी ४९८ किंवा ८१५. पांढऱ्यांत बी ५२०० सगळ्यात लख्ख आणि थंड, तर ३८६५ किंचित उबदार. पांढऱ्या कापडावर बर्फ दाखवायचा असेल तर कोणताही पांढरा हरवतो, अशा वेळी फिक्या राखाडी-निळ्याची कड द्या.

चमकीचा धागा सारखा तुटतो, फाटे फुटतात. काय चुकतं?

हातापेक्षा धाग्याचा दोष मोठा आहे. या धाग्यात बारीक चपटी चकचकीत पट्टी गाभ्याभोवती गुंडाळलेली असते किंवा इतर तंतूंबरोबर पिळलेली असते. दर टाक्याला ती सुईच्या नेढ्यात आणि कापडाच्या भोकात घासते. घासून घासून पट्टी सुटते आणि गाभा उघडा पडतो. म्हणून सगळे उपाय घासणं कमी करणारे आहेत.

३० सें.मी.हून लांब धागा घेऊ नका. सुई एक माप जाड घ्या, म्हणजे २४ च्या जागी २२. जाड सुई भोक मोठं करते आणि धागा त्यातून सुटा जातो. धागा नेढ्याशी अडकवून टाका: मधोमध दुमडून फास नेढ्यातून काढा, फासातून सुईचं टोक घाला आणि ओढून घ्या. असा बांधलेला धागा नेढ्यात पुढेमागे सरकत नाही. सुई एकदा वर, एकदा खाली अशी सरळ घाला. एकाच झटक्यात आत-बाहेर काढू नका. दर चार-पाच टाक्यांनी सुई लोंबती सोडून पीळ उलगडू द्या. टोकं सुटत असतील तर नखपॉलिशचा पारदर्शक थेंब लावून वाळवा.

चमकीचं काम सगळ्यात शेवटी करा, कापड ताणायच्या रिंगमध्ये दाबलं गेलं की ते चपटं होतं. त्याच्यावर गरम इस्त्री तर नकोच, पट्टी वितळते.

धुताना लाल धाग्याचा रंग पांढऱ्या कापडावर उतरला. वाचेल का?

ओलं असेपर्यंत बहुधा वाचतं. वाळू देऊ नका, पिळू नका, इस्त्रीच्या जवळही नेऊ नका. गार पाण्याच्या धारेखाली धरा, मग मोठ्या भांड्यात गार पाणी आणि भांडी घासायच्या पातळ साबणाचे दोन-तीन थेंब घालून पूर्ण बुडवून ठेवा. पाणी गुलाबी झालं की बदला. तीन-चार तास, कधी रात्रभर हेच चालतं. पाणी पूर्ण स्वच्छ राहायला लागल्यावरच बाहेर काढा, कोरड्या पांढऱ्या टॉवेलात गुंडाळून दाबा आणि सपाट वाळवा. क्लोरीनचं ब्लीच वापरलं तर डागाबरोबर धाग्याचाही रंग जातो.

इस्त्री फिरल्यानंतर उतरलेला रंग पक्का बसतो, त्यापुढे फारसा इलाज नाही. म्हणून जुना, विनानावाचा किंवा हाताने रंगवलेला लाल धागा आधीच तपासा. एक तुकडा ओला करून पांढऱ्या टिश्यूत दाबा. टिश्यू रंगला तर तो धागा स्वच्छ पाणी येईपर्यंत गार पाण्यात खंगाळून, वाळवून मगच सुईत ओवा.

खुणांच्या पेनांचंही असंच आहे. पाण्याने जाणाऱ्या निळ्या शाईवर इस्त्री फिरली तर ती पक्की होते, म्हणून आधी धुणं, मग इस्त्री. उष्णतेने उडणाऱ्या पेनाची शाई उलट खोड्या करते: इस्त्रीखाली गेलेली रेघ शून्याखालच्या कडाक्याच्या थंडीत परत उमटू शकते. भेट थंड मुलखात पाठवायची असेल तर तो पेन वापरू नये.

मोजणीत एक चौकट चुकली आहे. सगळं उसवायचं?

चूक कुठे आहे त्यावर ठरवा. झाडाच्या पानांत, दाढीत, बर्फात एक फुली इकडची तिकडे झाली तर कुणाला कळत नाही. पुढची मोजणी बरोबर धरून चालत राहा. अक्षरात, चेहऱ्यात आणि चौकटीच्या किनारीत मात्र उसवावंच लागतं. किनार एका चौकटीने चुकली की चौथ्या कोपऱ्यात टोकं भेटत नाहीत आणि तोपर्यंत शेकडो फुल्या घालून झालेल्या असतात. म्हणून किनार भरण्याआधी चारही बाजू कच्च्या धावदोऱ्याने मोजून घ्या.

मोठ्या नमुन्याला दर दहा चौकटींवर उभे-आडवे धागे घालून जाळी पाडून घेणं सगळ्यात भरवशाचं. त्यासाठी बारीक नायलॉनचा धागा घ्या. सुती धाग्यातून फुलीची सुई आरपार गेली तर तो नंतर ओढून निघत नाही.

मोज्यावर नाव देवनागरीत कसं भरायचं?

रोमन अक्षरांचे तयार नमुने ५ चौकटी रुंद आणि ७ उंच अशा मापात मिळतात. देवनागरीला ते माप पुरत नाही, कारण वेलांटी आणि मात्रा वर जातात, उकार खाली. अक्षराच्या अंगाला ७ चौकटी, वर ३, खाली ३ अशी १३ चौकटींची उंची धरा. रुंदी ‘र’ला ४, ‘म’ला ६, ‘क’ला ७ अशी बदलती ठेवा. सगळी अक्षरं सारख्या रुंदीत कोंबली तर नाव विजोड दिसतं.

आधी चौकटींच्या कागदावर शिरोरेषा ओढा आणि अक्षरं तिला टांगा. कापडावरही शिरोरेषेची ओळ पहिली भरा, म्हणजे खालच्या दांड्या कुठून सुटतात ते मोजत बसावं लागत नाही. एकूण रुंदी मोजून मध्य काढा आणि मोज्याच्या पट्टीच्या मध्याशी जुळवा. जोडाक्षरं, विशेषतः ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘श्र’, एवढ्या उंचीत फुल्यांनी वाचता येत नाहीत. अशा नावाला सरळ देठटाका किंवा साखळी टाका घ्या: कागदावर सुवाच्य लिहा, कापडावर छापून घ्या आणि तीन पदरांनी भरा. वळणांवर टाके २ मि.मी.पर्यंत बारीक करा, सरळ रेषेत ४ मि.मी. चालतात.

संध्याकाळी काळ्या कापडावर भोकं दिसत नाहीत.

मांडीवर पांढरा टॉवेल पसरा. खालून उजेड परतला की भोकं उमटतात. पिवळसर दिव्यात गडद हिरवा, निळा आणि काळा एकच वाटतात, म्हणून धाग्यांचे नंबर दिवसाउजेडी चिठ्ठ्या लावून ठेवा. दिवा उजव्या हाताने काम करणाऱ्यांनी डावीकडे ठेवावा, म्हणजे हाताची सावली टाक्यावर पडत नाही.

भरलेल्या तुकड्याचं गोल लटकन कसं करायचं?

७ सें.मी. व्यासाच्या लटकनाचं माप देतो.

१. जाड पुठ्ठ्याच्या ७ सें.मी.च्या दोन चकत्या कापा. प्रत्येकीच्या एका बाजूला त्याच मापाचा पातळ वॅडिंगचा (कापसासारख्या मऊ भरणाच्या थराचा) तुकडा चिकटवा.

२. भरलेलं कापड आणि मागचं साधं कापड, दोन्ही ११ सें.मी. व्यासाचे गोल कापा. नमुना मधोमध येतो का ते आधी पिना टोचून बघा.

३. कडेपासून ६ मि.मी. आत दुहेरी दोऱ्याने धावदोरा घाला. चकती वॅडिंगची बाजू कापडाकडे करून आत ठेवा, दोरा ओढून चुणी आवळा आणि गाठ मारा. आवळण्याआधी फुल्यांची एखादी सरळ ओळ तिरकी झाली नाही ना ते पाहा. बहुतेक लटकनं इथेच वाकडी होतात.

४. दोन्ही चकत्या पाठीला पाठ लावून कडेने लपता टाका घाला: एकदा इकडच्या घडीतून, एकदा तिकडच्या.

५. सांध्यावर पिळाची दोरी लावा. परिघ २२ सें.मी., टांगायच्या फासाला १६ आणि शिवायला थोडी, म्हणजे ४० सें.मी. दोरी हवी. तिच्या तिप्पट, १२० सें.मी. धागा सहाही पदरांचा घ्या. एक टोक अडकवून दुसरं पिळत जा. सैल सोडल्यावर धागा आपसूक गुंडाळी खाऊ लागला की मधोमध दुमडा, दोन्ही बाजू एकमेकींवर वळतात. पीळ कमी दिला तर दोरी ढिली पडते, आणि दुमडताना मध्य हातातून निसटला तर धाग्याचा गुंताच होतो. दाराच्या कडीला टोक बांधून दुसऱ्या माणसाला मध्य धरायला सांगणं उत्तम.

फेल्टच्या कडा वेड्यावाकड्या येतात.

काजटाक्याचं अंतर आणि खोली दोन्ही ३ मि.मी. ठेवा, दोन किंवा तीन पदर घ्या. कोपऱ्यावर एकाच भोकातून तीन टाके घाला: एक अलीकडे, एक टोकावर, एक पलीकडे. फेल्ट फार पातळ असेल तर आकार भरल्यावर टाक्यापाशी ओढला जातो, १ मि.मी.हून जाड, लोकरमिश्रित फेल्ट चांगलं. मणी, टिकल्या आणि भरतकाम दोन बाजू जोडण्याआधी उरकून घ्या, म्हणजे मागच्या गाठी आत झाकल्या जातात. भरण चिमटीचिमटीने, आधी टोकांत. एकदम कोंबलं की ताऱ्याची पाचही टोकं पोकळ राहतात आणि पोट फुगतं.

क्रोशाचा हिमकण लोळागोळा होतो. कडक कसा करायचा?

आधी विणीबद्दल. १० नंबरचा सुती धागा आणि दीड मि.मी.ची सुई. ६ साखळ्यांचं कडं करा. पहिली फेरी: ३ साखळ्या (पहिला खांब) आणि कड्यात ११ खांब, एकूण १२. दुसरी: ५ साखळ्या, एक खांब सोडून पुढच्यात जोड, अशा ६ कमानी. तिसरी: प्रत्येक कमानीत ३ खांब, ५ साखळ्या, ३ खांब. साधारण ५ सें.मी.चं, सहा टोकांचं फूल होतं. आठ पाकळ्यांचे नमुनेही सुरेख दिसतात, पण खरा हिमकण षट्कोनी असतो आणि जाणकाराला आठ टोकं खटकतात.

कडक करायला पांढरा पीव्हीए गोंद आणि पाणी समभाग. कागदावर एक बिंदू काढून दर ६० अंशांवर रेघा ओढा, त्यावर प्लास्टिक पसरा आणि खाली थर्माकोल ठेवा. हिमकण गोंदात बुडवून हलका दाबा, मध्य बिंदूवर ठेवा आणि टोकं रेघांवर ताणून न गंजणाऱ्या पिना लावा. साध्या पिनांचा गंज ओल्या धाग्यावर तपकिरी ठिपका सोडतो. चोवीस तास हात लावू नका. भोकांत साचलेला गोंद ओला असतानाच फुंकर मारून काढा, वाळल्यावर पापुद्रा दिसतो.

साखरेच्या पाकाची जुनी पद्धतही आहे, समभाग साखर-पाणी उकळून. कडक छान होतं, पण दमट हवेत चिकट होतं आणि मुंग्यांना आमंत्रण जातं ते वेगळंच.

लोकरीचा मोजा भरल्यावर लांबतो. उपाय?

सुती अस्तर. अस्तर मोज्याहून १ सें.मी. आखूड ठेवा, म्हणजे वजन लोकरीवर न येता त्यावर येतं. फास अस्तर आणि मोजा दोन्हींतून शिवा.

५ मि.मी.च्या सुयांवर १० सें.मी.त १८ टाके बसणाऱ्या लोकरीचे ६० टाके गोल विणले तर घेर ३३ सें.मी. येतो. दोन रंग मिळून १५० ग्रॅम लोकर धरा. टाच अवघड वाटत असेल तर ती मागाहून घाला: पाय २८ सें.मी. झाल्यावर ३० टाके वेगळ्या रंगाच्या तुकड्याने विणा, ते पुन्हा डाव्या सुईवर घेऊन मूळ लोकरीने विणत पुढे जा. शेवटी तो तुकडा उसवला की वर-खाली टाके मोकळे मिळतात. ते उचलून दर दुसऱ्या फेरीत ४ टाके कमी करत टाच मिटवा.

दोन रंगांत आठ पाकळ्यांचा तारा, म्हणजे नॉर्वेतल्या सेल्बूच्या हातमोज्यांनी प्रसिद्ध केलेला, घ्यायचा असेल तर मागून जाणारा धागा सैल सोडा. पाच टाक्यांहून लांब धागा मध्येच अडकवून घ्या. घट्ट ओढला तर ताऱ्याचा पट्टा आकसतो आणि मोज्याला कंबर येते.

हार्डांगर (कापडाचे धागे कापून जाळी पाडायचं नॉर्वेतलं भरतकाम) नवख्याने करावं का?

करावं, पण नाताळाच्या आठवड्यात नको. २२ काउंटचं कापड, ठोकळ्यांना ५ नंबरचा आणि जाळीला ८ नंबरचा पर्ल कॉटन धागा. प्रत्येक ठोकळ्यात ४ धाग्यांवर ५ टाके. कात्री फक्त टाक्यांच्या टोकांशी लावायची, लांब बाजूला कधीच नाही. आणि समोरासमोरचे ठोकळे एका रेषेत आहेत का हे मोजल्याशिवाय एकही धागा कापू नका.

सणाच्या दिवसांत सुई-चाती धरू नये असं युरोपात मानत, ते खरं का?

बऱ्याच ठिकाणी, विशेषतः सूतकताईबाबत. नाताळ ते एपिफनी (६ जानेवारीचा ख्रिस्ती सण) या बारा दिवसांत चाती बंद ठेवत. इंग्लंडात ७ जानेवारीला, एपिफनीच्या दुसऱ्या दिवशी, बायका पुन्हा कातायला बसत. त्या दिवसाचं नावच सेंट डिस्टाफचा दिवस, खरं तर अशी संत कुणी नव्हती, डिस्टाफ म्हणजे कातताना लोकर धरायची काठी. आइसलंडात उलट बाजूने धाक होता: नाताळला ज्याला नवा कपडा मिळाला नाही त्याला यूलचं मांजर खातं. लोकरकाम सणाआधी संपवायला याहून चांगली मुदत नाही. आज सुट्टीत विणायला कुणाची हरकत नाही.

मुलांना काय द्यावं?

इंचाला ७ भोकांचं प्लास्टिक कॅनव्हास, १६ नंबरची बोथट सुई, जाड लोकर. कापड ताणायला रिंग लागत नाही आणि कडा उसवत नाहीत. लोकर हातभरच द्या.

घरात मांजर आहे.

मग धागा, रिबन आणि चमकी उघडी टाकू नका. गिळलेला धागा आतड्यात अडकून आतडं चिरू शकतो. तोंडातून किंवा मागून धागा दिसला तर ओढू नका, लगेच पशुवैद्याकडे न्या. बसताना सुया मोजा, उठताना पुन्हा मोजा.

२४ तारीख आली आणि काम अर्धवट आहे. कसं ठेवावं?

रिंग काढा, महिनाभर राहिली तर तिचा वळ धुऊनही पुरता जात नाही. सुई कापडात सोडू नका, गंजते. नमुन्यावर शेवटची भरलेली फुली पेन्सिलीने वेटोळा, कोणत्या रंगाचे किती पदर चालू होते ते कडेला लिहा, फुलीचा वरचा टाका कोणत्या दिशेने जातो तेही. पुढच्या वर्षी ही दिशा आठवत नाही आणि अर्ध्या झाडाची चमक वेगळी दिसते. कापड घडी न घालता नळीवर, भरलेली बाजू बाहेर ठेवून गुंडाळा आणि सुती पिशवीत ठेवा. लोकरीचं असेल तर आधी धुऊन पूर्ण वाळवा, कारण कसर घामाच्या आणि अन्नाच्या डागांवर आधी लागते.